पुण्यात छोटी क्राफ्ट ब्रुअरी: मुदत कर्ज, हमी योजना की भागीदार?

बार्ली_बाणेर यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यातील एका ब्रुपबमध्ये ब्रूमास्टर म्हणून नोकरी करतो आणि आता एका मित्राबरोबर स्वतःची मायक्रोब्रुअरी सुरू करण्याच्या विचारात आहे. बिअर कशी करायची, किती करायची आणि कोणत्या दर्जाची करायची याबद्दल माझ्या मनात शंका नाही; शंका आहे ती पैशांच्या जुळवाजुळवीबद्दल, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

बालेवाडी परिसरात सुमारे साडेतीन हजार चौरस फुटांची जागा पाहिली आहे. एका वेळी १,००० लिटर बिअर तयार करणारा संच, आंबवण्याच्या सहा टाक्या, चिलर आणि बॉयलर मिळून यंत्रसामग्रीचे दरपत्रक करांव्यतिरिक्त १ कोटी १० लाख रुपयांचे आले आहे. अंतर्गत सजावट, स्वयंपाकघर आणि वातानुकूलन यांसाठी १ कोटी २० लाख, जागेची अनामत, परवाना शुल्क, नकाशे व इतर मंजुऱ्यांसाठी ४५ लाख आणि खेळत्या भांडवलासाठी ३५ लाख असा एकूण ३ कोटी १० लाखांचा अंदाज आम्ही बांधला आहे. आम्हा दोघांचे मिळून ७५ लाख रुपये उभे राहतात, म्हणजे २ कोटी ३५ लाखांची तूट उरते.

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत गेलो असता व्यवस्थापकांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि 'दारूचा धंदा' एवढ्याच कारणावरून विषय संपवला. एका सहकारी बँकेने वडिलांच्या कोथरूडमधील सदनिकेचे तारण मागितले. पाच मित्र प्रत्येकी दहा लाख द्यायला तयार आहेत, पण ते कर्ज म्हणून घ्यावे की भांडवल म्हणून, हे कळत नाही. तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या सरकारी हमी योजनेबद्दल वाचले आहे. ती आमच्यासारख्यांना लागू होते का?

उद्यमी_हडपसर

आपण पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, अर्ज का करत नाही? ग्रामीण भागात आणि विशेष प्रवर्गात ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. माझ्या मेहुण्याला मसाला उद्योगासाठी मिळाले आहे.

माजी_शाखाधिकारी

पीएमईजीपीचा मार्ग येथे बंद आहे. त्या योजनेच्या वर्जित यादीत मादक पदार्थांचे उत्पादन व विक्री आणि मद्य पुरवणारी हॉटेले स्पष्टपणे नमूद आहेत. शिवाय उत्पादन उद्योगासाठी तिची प्रकल्प मर्यादा ५० लाख रुपये आहे, त्यामुळे हा प्रकल्प तसाही तिच्यात बसला नसता. मुद्रा योजनेची कमाल मर्यादा २० लाख रुपये असून तीही त्याच योजनेच्या 'तरुण' नावाच्या गटातील आधीचे कर्ज फेडलेल्यांनाच मिळते. महाराष्ट्राने वाइन उद्योगाला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून हात दिला, कारण त्यामागे द्राक्ष बागायतदार उभा होता. बिअरच्या मागे तसा कोणी नसल्याने आपण अनुदानाचा विचार सोडून निव्वळ व्यापारी कर्जाच्या दृष्टीने मांडणी करावी, असे माझे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. व्यवस्थापकांच्या नकाराला आपण नैतिक नकार समजला आहात. काही अंशी तो तसा असेलही, परंतु कर्ज मंजूर करणाऱ्याची खरी अडचण वेगळी असते. आपल्या व्यवसायातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे परवाना, आणि नेमका तोच बँकेला तारण म्हणून धरता येत नाही. तो व्यक्तीला किंवा संस्थेला दिलेला असतो, शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही आणि दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. मद्याच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई करणारा आदेश आला आणि १ एप्रिल २०१७ पासून पुण्यातीलही अनेक चालू बार एका दिवसात बंद झाले; ही मनाई महापालिका हद्दीत लागू नसल्याचा खुलासा जुलैमध्ये होईपर्यंत त्यांचे हप्ते मात्र कोणी थांबवले नाहीत. ज्या अधिकाऱ्याने अशी खाती थकताना पाहिली आहेत, तो आपल्या बिअरच्या चवीवर विश्वास ठेवून सही करणार नाही.

म्हणून ३ कोटी १० लाखांचा एकच गठ्ठा घेऊन बँकेत जाऊ नये. यंत्रसामग्री उचलून नेता येते, विकता येते आणि तिचे मूल्यांकन करता येते, त्यामुळे तिच्यासाठी मुदत कर्ज मागावे. सजावटीची किंमत दुकान बंद झाले की शून्य होते, म्हणून ती कर्जाच्या पैशाने करू नये. परवाना शुल्क आणि अनामत यांसाठीही स्वतःचेच पैसे ठेवावेत. यंत्रांची किंमत १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १ कोटी ३० लाख होते. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे स्वतःचा हिस्सा, आपण भरले तर कर्ज सुमारे ९७ लाखांचे होते. व्याजदर ११ टक्के धरला, पहिले वर्ष फक्त व्याज भरले आणि मुद्दल पुढील सहा वर्षांत फेडले, तर पहिल्या वर्षी दरमहा सुमारे ८९ हजार व त्यानंतर सुमारे १ लाख ८५ हजारांचा हप्ता बसतो. संपूर्ण २ कोटी ३५ लाख कर्जाऊ घेतल्यास हाच हप्ता जवळपास ४ लाख ४७ हजारांवर जातो. हा फरक ज्या महिन्यात दुकान निम्मे भरते, त्या महिन्यात जीवघेणा ठरतो.

हमी योजनेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. सीजीटीएमएसई हा केंद्र सरकार व सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी २००० साली स्थापन केलेला न्यास असून १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी रुपये झाली आहे. ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. खाते बुडाले तर न्यास बँकेला ठरलेला हिस्सा देतो, परंतु आपले देणे एका रुपयानेही कमी होत नाही आणि वसुलीची कारवाई चालूच राहते. हमीचे वार्षिक शुल्क सहसा कर्जदाराकडूनच घेतले जाते. कर्ज मागण्यापूर्वी 'उद्यम' ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवावी. ती विनामूल्य आहे आणि यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींच्या व उलाढाल दहा कोटींच्या आत असल्याने सध्याच्या व्याख्येनुसार आपण सूक्ष्म उद्योगात बसाल. मात्र मद्यनिर्मितीच्या खात्याला कर्ज द्यायचे की नाही, हे प्रत्येक बँकेचे स्वतःचे कर्जधोरण ठरवते. प्रकल्प अहवालाची जाडजूड फाइल घेऊन जाण्याआधी शाखेऐवजी विभागीय कार्यालयातील लघुउद्योग कक्षाला हा एकच प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर आल्यावरच पुढचा वेळ घालवावा. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून पुण्यात हा व्यवसाय बँकांनी जवळून पाहिला आहे, त्यामुळे दुसऱ्या शहरापेक्षा येथे आपल्याला समजून घेणारा अधिकारी भेटण्याची शक्यता अधिक आहे.

खेळत्या भांडवलासाठी पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेला अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के हा नायक समितीचा निकष आजही वापरला जातो. आपली विक्री रोखीची आणि उधारी नगण्य असल्याने बँक त्याहून कमी देईल. त्यात वावगे काही नाही.

ताळेबंद_सदाशिव

शाखाधिकारी साहेबांनी जीएसटीचा उल्लेख केला आहे, त्यात एक महत्त्वाची भर घालतो. मानवी सेवनासाठीचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे आणि रेस्टॉरंटमधील खाद्यपदार्थांवरील ५ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता, आहे. परिणामी यंत्रांवर भरलेले जवळपास २० लाख, सजावटीच्या कंत्राटदाराला दिलेला कर आणि दरमहा भाड्यावरील १८ टक्के, यांतले काहीही परत मिळत नाही. यंत्रांवरील कर मालमत्तेच्या किमतीत मिळवून घसारा घेता येतो, एवढेच. आपल्या अंदाजात 'करांव्यतिरिक्त' हा शब्द आहे, त्यामुळे ३ कोटी १० लाखांचा आकडा प्रत्यक्षात साडेतीन कोटींच्या आसपास धरावा. पुरवठादार आणि अंतर्सज्जाकार दोघेही दरपत्रकात कर वेगळा दाखवतात, आणि इतर कारखानदार तो परत मिळवत असल्याने त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय सगळ्यांना लागली आहे.

मित्रांच्या पैशांबाबत घाई करू नये. संस्था भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल, तर नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून ठेवीसारख्या स्वरूपात पैसे घेणे रिझर्व्ह बँक कायद्याच्या आणि अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. खासगी मर्यादित कंपनी असेल, तर संचालक स्वतःच्या पैशातून कर्ज देऊ शकतात, पण सामान्य मित्राचे कर्ज हे ठेव ठरण्याचा धोका राहतो. माझ्या मते या पाच जणांचे पन्नास लाख भागभांडवल म्हणूनच घ्यावेत. त्यासाठी खासगी वाटपाची, म्हणजे ठरावीक व्यक्तींनाच समभाग देण्याची, रीतसर प्रक्रिया, मूल्यांकन आणि भागधारक करार करावा आणि त्यात कोणी पाच वर्षांनी बाहेर पडू इच्छिल्यास भाग कोणत्या सूत्राने विकत घ्यायचे, हे आजच लिहून ठेवावे. हे पैसे व्याज मागत नाहीत आणि बँकेच्या लेखी मार्जिनमध्येही धरले जातात. आपल्याकडे 'हातउसने' म्हणून रोख रक्कम फिरवण्याची पद्धत आहे, ती येथे कटाक्षाने टाळावी, कारण वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

ब्रिटनमध्ये ब्रूडॉग या बिअर कंपनीने आपल्या ग्राहकांनाच समभाग विकून मोठे भांडवल उभारले, याचे दाखले अनेक जण देतात. भारतात इंटरनेटवरून सर्वसामान्यांना अशा प्रकारे समभाग विकण्यास परवानगी नाही, त्यामुळे त्या कल्पनेत वेळ दवडू नये.

आणखी एक मुद्दा संस्थेच्या स्वरूपाचा. ते परवान्याचा अर्ज करण्याआधीच कायमचे ठरवावे. परवान्यात भागीदार वाढवणे, कमी करणे किंवा संस्थेचे रूपांतर करणे याला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आणि शुल्क लागते. आज भागीदारी संस्था करू, गुंतवणूकदार आले की कंपनी करू, असे म्हणणारे पुढे याच टप्प्यावर अडकतात. बिरा ९१ ही बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या नावातून 'प्रायव्हेट' हा शब्द गेल्यामुळे राज्याराज्यांत लेबलांची नव्याने नोंदणी करावी लागली आणि काही महिने विक्री ठप्प झाली. २०२३-२४ मध्ये ६३८ कोटींच्या विक्रीवर तिला ७४८ कोटींचा तोटा झाला. तोट्याची कारणे अर्थातच अनेक होती, पण गुंतवणूक उभारण्यासाठी केलेला कागदोपत्री बदल या क्षेत्रात विक्रीच्या मुळावर कसा येतो, याचे हे उदाहरण आहे.

बार्ली_बाणेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कराचा मुद्दा खरोखरच आमच्या अंदाजातून निसटला होता. दोन गोष्टी आणखी विचारतो. एका वित्त कंपनीने, दुकान सुरू झाल्यावर कार्ड आणि यूपीआयच्या रोजच्या जमेतून वसूल होणारे १४ टक्के 'फ्लॅट' दराचे कर्ज तीन वर्षांसाठी देऊ केले आहे. सजावटीसाठी ते घ्यावे का? दुसरे असे की, मुंढव्यातील एका चालू रेस्टॉरंटचे मालक म्हणतात, यंत्रे तुम्ही लावा, परवाना माझ्या नावावर राहू द्या, बिअरच्या विक्रीत वाटा देतो. हा पर्याय स्वस्त दिसतो.

ताळेबंद_सदाशिव

दहा लाखांवर १४ टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांचे व्याज ४ लाख २० हजार होते आणि मासिक हप्ता ३९,४४४ रुपये बसतो. मुद्दल दरमहा कमी होत असतानाही व्याज पूर्ण रकमेवर आकारले जात असल्याने याचा खरा दर सुमारे २४ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क वेगळेच. डिसेंबरच्या गर्दीआधी दोन महिन्यांचा माल्ट भरण्यासाठी असे कर्ज एखाद वेळी समजू शकतो. भिंतीवरच्या लाकूडकामासाठी नाही.

टॅपवाला_कोरेगाव

मी स्वतः एक ब्रुपब चालवतो, त्यामुळे हिशेबापेक्षा चालवण्याच्या बाजूने लिहितो.

पहिला खड्डा परवान्याआधीच्या काळाचा असतो. जागा ताब्यात घेऊन, यंत्रे बसवून, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अन्नसुरक्षा आणि उत्पादन शुल्क यांच्या तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय एक ग्लासही विकता येत नाही, पण भाडे करार झाल्याच्या महिन्यापासून आणि व्याज कर्जाचा पहिला भाग उचलल्यापासून सुरू होते. म्हणून मालकाशी भाड्याचा दर कमी करून घेण्यासाठी भांडण्याऐवजी भाडेमुक्त काळ वाढवून घेण्यासाठी भांडावे आणि शक्य असल्यास तो काळ तारखेशी न बांधता परवाना मिळण्याशी बांधावा. बँकेकडेही मोरेटोरियम, म्हणजे मुद्दलाचे हप्ते सुरू होण्याआधीची सवलत, मागताना यंत्रे बसवण्याचा नव्हे, तर पहिल्या विक्रीपर्यंतचा कालावधी दाखवावा. माझ्या ओळखीचे दोन प्रकल्प बिअर चांगली असूनही याच काळात खेळते भांडवल भाड्यात संपल्यामुळे दमले.

विक्रीचे अंदाज बांधताना वर्षाचे बारा सारखे महिने धरू नयेत. श्रावणात पुण्यात गिऱ्हाईक कमी होते, त्यापाठोपाठ गणेशोत्सवात कोरडे दिवस येतात; आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, राष्ट्रीय सण हे आहेतच. निवडणूक असेल तर मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस जातो. मे २०२४ मध्ये, ज्यात अल्पवयीन चालकाला बारमध्ये मद्य दिल्याचा आरोप झाला त्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर, शहरातील अनेक परवान्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ती ज्यांच्या चुकांमुळे झाली त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही, परंतु काही आठवडे दुकान बंद राहू शकते ही शक्यता प्रत्येकाच्या हिशेबात असलीच पाहिजे. करही बदलतो: १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यविक्रीवरील व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, आणि परवान्याचे नूतनीकरण शुल्क मार्चअखेर एकरकमी भरावे लागते. मी तीन महिन्यांचे भाडे, पगार आणि हप्ते एवढी रक्कम मुदत ठेवीत ठेवतो व तिला हात लावत नाही. नव्या प्रकल्पाने ही रक्कम सुरुवातीच्या भांडवलातच धरावी, नफ्यातून साठवू असे म्हणू नये.

यंत्रांबाबत आपण ब्रूमास्टर आहात, तेव्हा जास्त सांगण्याची गरज नाही. पण पैशाच्या दृष्टीने पाहता सहा टाक्या पहिल्याच दिवशी घेण्याची आवश्यकता मला दिसत नाही. पाया, पाइपलाइन आणि चिलरची क्षमता सहा टाक्यांची ठेवून चार टाक्यांवर सुरुवात करता येते. सुरुवातीला लवकर तयार होणाऱ्या 'एल' या बिअरच्या प्रकारांवर भर दिला, तर टाक्या लवकर रिकाम्या होतात. सावकाश मुरणाऱ्या लागर बिअरने टाकी आठवडेच्या आठवडे अडवून ठेवली की ते पैसेच अडकलेले असतात. भोसरी-चाकण पट्ट्यातील चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या कारखान्यांकडून टाक्या करून घेतल्यास वाहतूक वाचते आणि वेल्डिंगमध्ये दोष निघाला तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात येतो. पुरवठादाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचे दहा टक्के पहिली बिअर व्यवस्थित उतरल्यावरच द्यावेत. बंद पडलेल्या ब्रुअरीची जुनी यंत्रे निम्म्या किमतीत मिळू शकतात, पण जुन्या यंत्रांना बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत आणि दिले तर सनदी अभियंत्याचे मूल्यांकन मागतात. ती स्वतःच्या पैशांतून घ्यायची असतील तरच विचार करावा.

मुंढव्याच्या प्रस्तावाबद्दल मला स्पष्टपणे सावध करावेसे वाटते. परवाना त्यांच्या नावावर, यंत्रे आपली आणि विक्रीत वाटा, ही रचना उत्पादन शुल्क विभागाच्या नजरेत परवाना दुसऱ्याने चालवण्यासारखी दिसू शकते. उद्या मतभेद झाले तर त्यांच्या आवारात बसवलेल्या टाक्या बाहेर काढणेही आपल्याला कठीण जाईल, आणि ती यंत्रे बँकेकडे नजरगहाण (ताबा आपल्याकडे, पण तारण बँकेचे) असतील तर बँकही आधी मालकाचे ना-हरकत पत्र मागेल. हा पर्याय स्वीकारायचाच असेल, तर दोघांची मिळून एक संस्था करून तिच्या नावे रीतसर परवाना घ्यावा. एरवी त्यांच्याकडे पगारावर ब्रूमास्टर म्हणून राहणे अधिक सुरक्षित.

माजी_शाखाधिकारी

वडिलांच्या सदनिकेचा मुद्दा राहून गेला. हमी योजनेत आता अंशतः तारणाचीही सोय आहे, म्हणजे कर्जाच्या काही भागाला तारण आणि उरलेल्या भागाला हमी असे करता येते. त्यामुळे बँक पूर्ण हमीवर तयार नसेल, तर संपूर्ण सदनिकेऐवजी एखादी मुदत ठेव किंवा मित्राचा रिकामा भूखंड देऊन बोलणी करता येतील. राहते घर देण्याची वेळ आलीच, तर वडिलांना केवळ तारणदार म्हणून ठेवावे आणि त्यांची वैयक्तिक हमी त्या सदनिकेच्या मूल्यापुरतीच मर्यादित असल्याचे मंजुरीपत्रात लिहून घ्यावे. छापील करारात ती सहसा अमर्याद असते आणि सही करताना कोणी वाचत नाही. मग खाते थकल्यास घराबरोबर त्यांच्या निवृत्तीच्या ठेवींपर्यंतही बँक पोहोचू शकते.

मुदतपूर्व फेडीचे कलमही पाहावे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या, सूक्ष्म व लघु उद्योगांच्या तरत्या (वेळोवेळी बदलणाऱ्या) व्याजदराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विक्री स्थिरावल्यावर कमी दराच्या बँकेकडे खाते नेता यावे, यासाठी दर स्थिर न घेता तरताच घ्यावा.

बार्ली_बाणेर

वडिलांना आजच हे वाचून दाखवतो. चार टाक्यांचे सुधारित दरपत्रक करासह मागवले आहे. ते आले की नवे आकडे येथेच मांडेन. विभागीय कार्यालयाला पाठवायच्या पत्राचा मसुदा कोणी तपासून देऊ शकेल का?

माजी_शाखाधिकारी

येथेच टाका, तपासून देतो. पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे, आणि त्यात व्यवसायाचे नाव 'रेस्टॉरंट' असे न लिहिता 'मायक्रोब्रुअरी व परमिट रूम' असेच लिहावे. मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यावर ते उघड होण्यापेक्षा नकार मिळायचा तर पहिल्याच आठवड्यात मिळालेला परवडतो.